शिस्त

१ ऑगस्ट २०२४ ला दुपारी कोल्हापूरच्या आमच्या घरात टीव्हीसमोर नऊ माणसं बसली होती आणि त्यातल्या आठ जणांना आपण नक्की काय बघतोय ते कळत नव्हतं. पॅरिस ऑलिंपिक. (खरं तर नेमबाजी पॅरिसमध्ये नव्हतीच, तिथून बऱ्याच लांब शातोरू नावाच्या गावात होती.) ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची फायनल. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शेवटच्या आठांत आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. बाकी पडद्यावर नुसते आकडे हलत होते. आई मधूनच विचारायची, "आता पुढं आहे का मागं?" आणि कुणीतरी अंदाजानं काहीतरी सांगायचं.

नववे माझे मामा. पोलिसातून २०११ साली निवृत्त झालेले. ते आकड्यांकडे बघतच नव्हते. कॅमेरा स्वप्नीलच्या हातावर गेला की तेवढ्यापुरते पुढे सरकून त्याच्या ट्रिगरवरच्या बोटाकडे बघायचे, आणि कॅमेरा हलला की पुन्हा मागे टेकायचे.

ब्राँझ नक्की झालं. ४५१.४ गुण. गल्लीत फटाके वाजले, शेजारचे काका खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीपासून हिशेब करत ७२ वर्षांवर आले, आईनं साखर वाटली. त्या गडबडीत मामांनी मला विचारलं, "ह्या पोरानं आजवर किती गोळ्या मारल्या असतील रे?"

"लाखांत असतील, मामा."

"आमास्नी वर्साला धा," मामा म्हणाले. मग थोडं थांबून, "त्याबी मिळाल्या तर."

हे वाक्य त्या दिवसापासून डोक्यात बसलंय. त्यावर बरंच वाचलं, थोडं आठवलं, आणि एक जुनं देणं फेडायचं राहिलं होतं तेही निघालं. तर मंडळी, आज थोडं लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी माझं स्वतःचं बंदुकीचं ज्ञान किती ते सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी नावं ठेवायला नको. कॉलेजात दोन वर्षं एनसीसी. तीही बरीचशी नाश्त्यासाठी. कॅम्पमध्ये एक दिवस आम्हाला गावाबाहेरच्या फायरिंग बटावर नेलं. पॉइंट टू-टूची रायफल, पंचवीस मीटरवर टार्गेट, प्रत्येकाला पाच गोळ्या. पण त्या पाच गोळ्यांच्या आधी चार दिवस नुसती रिकामी रायफल घेऊन मातीत पालथं पडायचं. शिकवायला मराठा लाइट इन्फंट्रीचे एक हवालदार. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. ते सातारचे, आम्ही कोल्हापूरचे, पण हातात रायफल आली की बोलणं हिंदीत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

उस्तादांचा एक पाढा होता: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन. आम्ही तो कवायतीसारखा ओरडून म्हणायचो. 'शिस्त' म्हणजे केस बारीक कापणं आणि बूट चमकवणं, अशी माझी समजूत. म्हणून 'शिस्त लेना' म्हटलं की मी अंग ताठ करून डोळे समोर करायचो. दुसऱ्या दिवशी उस्तादांच्या ते ध्यानात आलं आणि हसून त्यांची पुरेवाट झाली. 'शिस्त लेना' म्हणजे नेम धरणं. मागचा दर्शक, पुढचा दर्शक आणि टार्गेट एका रेषेत आणणं. मूळ शब्द फारसी, शस्त. तिरंदाज अंगठ्यात घालायचे त्या अंगठीलाही शस्त म्हणत आणि नेमालाही. जुन्या मराठीतही 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे असाच अर्थ आहे. मागाहून आपण त्याची घडी घातली आणि शाळेच्या फळ्यावर लिहून टाकला. मला अजूनही जुना अर्थच जास्त पटतो. तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या आणि श्वास अर्धा सोडून थांबायचं.

त्या चार दिवसांत शिकलो ते पुढं जन्मभर पुरलं. पहिलं म्हणजे, रायफल हातात आली की ती भरलेलीच आहे असं धरायचं. देणाऱ्यानं उघडून दाखवली असली तरी आपण पुन्हा उघडून बघायचं. यात देणाऱ्याचा अपमान नसतो. आमच्यातल्या एकानं गंमत म्हणून रिकामी रायफल मित्राकडे रोखली, तेव्हा एरवी हसऱ्या उस्तादांनी त्याला दुपारभर उन्हात उभं केलं होतं. दुसरं, शिस्त पूर्ण होईपर्यंत बोट ट्रिगरच्या आत जायचं नाही. तिसरं, ट्रिगर ओढायचा नाही, दाबायचा. हे कळायला मला सगळ्यांत वेळ लागला. उस्ताद नळीवर चार आण्याचं नाणं ठेवायचे आणि रिकामा ट्रिगर दाबायला लावायचे. नाणं पडलं की पुन्हा. त्या चार दिवसांत ते नाणं मी किती वेळा उचललं त्याला गणती नाही.

मग खरी गंमत. बटावर दोन गोळ्या झाल्यावर उस्तादांनी माझी रायफल स्वतःच्या हातानं बंद करून दिली. मी नेम धरला, दाबलं, 'टक्'. रिकामी होती. पण आवाज झालाच नाही तरी माझी नळी मात्र चांगली वीतभर खाली गेलेली! उस्ताद म्हणाले, "बघितलंस? गोळी सुटायच्या आधीच तू घाबरून बसतोस." (हे मात्र मराठीत.) धक्का बसणार हे अंगाला माहीत असतं, म्हणून अंग आधीच दचकतं आणि गोळी खाली जाते. उपाय एकच, इतक्या वेळा दाबायचं की अंगाला कंटाळा आला पाहिजे. त्याला पाच गोळ्या पुरत नाहीत हेही त्यांनीच सांगितलं.

फायरिंग झाल्यावर पितळी पुंगळ्या शोधायचा कार्यक्रम. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढ्या पुंगळ्या मोजून परत. एक कमी पडली म्हणून आम्ही तीस पोरं अंधार पडेपर्यंत गवत विंचरत होतो. ती शेवटी एकाच्या बुटात निघाली. गोळी टार्गेटला लागली का, यापेक्षा पुंगळी मिळाली का, याची काळजी सगळ्यांना जास्त. तेव्हा ते विनोदी वाटलं होतं.

मामांच्या वर्षाला दहा गोळ्या कुठून आल्या ते शोधायला बसलो आणि गाडी थेट १८५७ ला जाऊन थांबली, तीही कोल्हापुरातच. ३१ जुलै १८५७ च्या रात्री इथल्या २७ व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीतल्या शिपायांनी उठाव केला. (स्वप्नीलच्या पदकाच्या आदल्याच तारखेला, १६७ वर्षांपूर्वी. योगायोग आहे, दुसरं काही नाही.) मुंबईहून जॉर्ज ली ग्रँड जेकबला पाठवलं, ऑगस्टमध्ये पलटणीची हत्यारं काढून घेतली, माणसं तोफेच्या तोंडी दिली. डिसेंबरात शहरात पुन्हा गडबड झाली आणि महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना शेवटी कराचीला हद्दपार केलं. हे आपण शाळेत थोडंफार शिकलेलो असतो.

जे शिकत नाही ते असं, की त्या वर्षाची सगळी कुजबुज सुरू झाली ती बंदूक शिकवायच्या वर्गातून. कलकत्त्याजवळ दमदमला नवी एनफिल्ड रायफल शिकवण्याचं केंद्र होतं. जुनी बंदूक गुळगुळीत नळीची. नव्या रायफलीच्या नळीत आतून चऱ्या, त्यामुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर सरळ जाते. पण कागदी काडतूस दातांनी फोडून, वंगण लावलेली गोळी नळीत ठासायची. जानेवारी १८५७ मध्ये त्या वंगणाची चर्चा दमदममधून बाहेर पडली. पुढे साहेबानं कवायत बदलून दाताऐवजी हातानं फोडायची परवानगी दिली, पण तोवर उशीर झाला होता.

उठाव मोडल्यावर राज्यकर्त्यांनी जो धडा घेतला तो फार साधा होता: एतद्देशीय माणसाच्या हातात चांगलं हत्यार द्यायचं नाही. तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांकडे. गोऱ्या पलटणीला नवी रायफल आली की तिची जुनी देशी पलटणीला. १८७८ चा शस्त्र कायदा सर्वसामान्यांसाठी. आणि पोलिसासाठी तर एक खास चीज बनवली. पुढच्या काळात इशापूरच्या कारखान्यात चांगल्या ली-एनफिल्ड रायफलींच्या नळीतल्या चऱ्या पोखरून काढून तिची .४१० ची गुळगुळीत नळीची बंदूक केली. मॅगझिनच्या जागेत लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे एका वेळी एकच गोळी भरता यावी. बोअरही असा की लष्कराची .३०३ ची गोळी तिच्यात चालू नये. म्हणजे शिपायानं बंदूक पळवलीच तरी तिचा फार उपयोग होऊ नये! एखादं हत्यार मुद्दाम, खर्च करून, कमी कामाचं करण्याची अशी दुसरी उदाहरणं मला तरी माहीत नाहीत. मामांना विचारलं तर म्हणाले, "मस्कट म्हंतोस व्हय? आमी भरती झालो तवा हुत्या की मुख्यालयात. गार्डवाल्यांच्या खांद्यावर."

त्यामानानं पलटणीची गोष्ट वेगळी. महायुद्धं आली तेव्हा साहेबाला याच माणसांना नीट शिकवावं लागलं, कारण समोरचा शत्रू खरा होता. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. बाकीचे पडले. घाडगे एकटे धावत गेले, हातबाँब टाकून मशीनगन बंद केली, टॉमी गननं एकाला टिपलं. मॅगझिन संपलं. बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी स्वतःची बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. मग बाजूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपण या गोष्टीत शौर्य बघतो आणि ते आहेच. पण उस्तादांनी आम्हाला ती सांगितली ती वेगळ्याच कारणासाठी. मॅगझिन संपलं हे घाडग्यांना त्या क्षणी कळलं आणि पुढचं काम करायला हात थांबले नाहीत, तो विचार करायला तिथं सवडच नव्हती. ते अंगात आधी भिनलेलं असावं लागतं, असं उस्तादांचं म्हणणं.

अंगात भिनतं ते नेहमी चांगलंच असतं असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉल इथं एप्रिल १९७० मध्ये पाचेक मिनिटांच्या चकमकीत हायवे पोलिसांचे चार तरुण शिपाई मारले गेले. त्यानंतर वर्षानुवर्षं एक गोष्ट सांगितली गेली: त्यातल्या एकाच्या खिशात रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. सरावाच्या मैदानावर कचरा नको म्हणून पुंगळ्या खिशात ठेवायची सवय, आणि मरणाच्या दारात असतानाही हातानं तेच केलं. नंतर कागदपत्रं नीट तपासणाऱ्यांनी दाखवून दिलं की तसं झालंच नव्हतं, पुंगळ्या जमिनीवरच पडलेल्या होत्या. म्हणजे गोष्ट खोटी. पण तिनं तिथल्या पोलिसांची सराव करण्याची पद्धत बदलायला मदत केली. आमची ती तीस पोरं गवत विंचरताना आठवली की मला ही खोटी गोष्ट खरीच वाटते.

आता मूळ मुद्दा. तो लिहायचा टाळत होतो म्हणून इतका फिरून आलो.

डिसेंबर २००८. एका लग्नासाठी घरी आलो होतो. मुंबईचा हल्ला होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. सगळीकडे तोच विषय. सीएसटीवरचे सेबॅस्टियन डिसूझा यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले, आणि तिथल्या सशस्त्र पोलिसांनी गोळ्या झाडल्या नाहीत हे त्यांचं म्हणणंही वाचलेलं. सोप्यात पंधरा-वीस पाहुणे. मी तावातावानं म्हणालो, "हातात रायफल असून गोळी झाडत नाहीत म्हणजे काय? पगार कशाचा घेतात?" दोघातिघांनी माना डोलावल्या. मामा तिथं बसले होते. तेव्हा नोकरीतच होते. त्यांनी कप खाली ठेवला, निम्मा चहा तसाच, आणि उठून मांडवाकडे गेले. कुणी काही बोललं नाही. मामींनी तो कप उचलला, एवढं मला स्पष्ट आठवतंय.

सोळा वर्षं हा विषय आमच्यात निघाला नाही.

तो पदकाच्या दिवशी संध्याकाळी निघाला. पाहुणे गेले होते, लाईटही गेली होती, आम्ही दोघंच सोप्यात. मीच म्हणालो, "मामा, २००८ ला मी जे बोललो होतो..." त्यांनी हातानंच थांबवलं. मग बराच वेळानं स्वतःच बोलायला लागले.

२६ नोव्हेंबरच्या त्या रात्री ते एका जिल्ह्याच्या ठिकाणी होते. मुंबईची बातमी आली आणि सगळीकडे बंदोबस्त लावला. मामांना एस.टी. स्टँडवर उभं केलं. सोबत एक नवीन पोरगा, त्याच्याकडे लाठी. मामांकडे थ्री नॉट थ्री. वय पंचावन्न. शेवटची गोळी झाडून किती दिवस झाले होते ते त्यांनी बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. रायफल मिळाली तीही त्यांच्या नेहमीच्या बट नंबरची नव्हती. बोल्ट घट्ट. प्रत्येक गोळीला बोल्ट वर, मागं, पुढं, खाली. टीव्हीवर सांगत होते त्या लोकांच्या हातात एके-४७, एका मॅगझिनात तीस गोळ्या.

"भ्या कशाचं वाटलं म्हाईत हाय?" मामा म्हणाले. "मराचं न्हवं. गाड्या यायलत्या, माणसं उतरायलती, पोरं-बाळं. म्या म्हटलं, आता हितं कोण आलंच, आन म्या गोळी मारली, तर ती जाणार कुठं? थ्री नॉट थ्रीची गोळी म्हंजे, एका माणसातनं पार जाती आन मागच्याला लागती. मला तर नेमाचा भरवसाच न्हवता. मग मारू का नको?"

हा प्रश्न मी सोफ्यावर बसून कधी स्वतःला विचारला नव्हता.

रात्रभर त्यांनी काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. कुणी शिकवलं नसताना त्यांनी स्टँडची पाहणी केली. वडापावचा पत्र्याचा स्टॉल, त्याच्यामागं लपलं तर दिसणार नाही, पण गोळी आरपार. फलाटाचे सिमेंटचे खांब, त्यामागं अर्धं अंग दिसेल, पण गोळी अडेल. (उस्तादांच्या भाषेत पहिली नजरी आड, दुसरी फायरी आड. हे मी मामांना सांगितल्यावर ते म्हणाले, "नाव हाय व्हय त्याला?") एका खांबाशी उभं राहिलं तर मागं स्टँडची भिंत येते, म्हणजे गोळी चुकली तरी माणसात जाणार नाही, अशी एकच जागा त्यांना सापडली. तिथं ते पहाटेपर्यंत उभे राहिले. त्या पोराला सांगितलं, काही झालं तर तू धावू नकोस, माणसांना खाली झोपायला सांग. आणि दर थोड्या वेळानं मॅगझिन काढून, रिकाम्या रायफलीचा बोल्ट मागंपुढं करत होते, हात बसावा म्हणून. पन्नाशी उलटलेला माणूस, मध्यरात्री, एस.टी. स्टँडवर, स्वतःच स्वतःचा उस्ताद.

काही झालं नाही. पहाटे पहिली गाडी सुटली, बदली माणूस आला. नंतर संडासात गेल्यावर हात कापायला लागले ते दहा मिनिटं थांबेनात, असं मामा म्हणाले. रक्तातला वेग वाढला की बोटांची बारीक कामं आधी जातात, असं मी कुठंतरी वाचलंय. ट्रिगर दाबणं हे बोटाचं बारीकच काम आहे.

त्याच रात्री मुंबईत काय चाललं होतं ते आता आपल्याला नीट माहीत आहे. सीएसटीवर पोलीस निरीक्षक शशांक शिंदे पुढे झाले आणि मारले गेले. रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव सहकाऱ्याची रायफल घेऊन लढले आणि शेवटी हाताला आली ती प्लास्टिकची खुर्ची फेकली. विष्णू झेंडे ध्वनिक्षेपकावरून लोकांना बाहेर पडायचा रस्ता सांगत राहिले. त्यांनी किती जीव वाचवले त्याचा हिशेब नाही, आणि त्यांच्या हातात तर बंदूकही नव्हती. मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीवर जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे नुसती लाठी घेऊन पुढे गेले आणि त्यांनी एके-४७ ची नळीच धरली. गोळ्या पोटात घेतल्या पण नळी सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. ओंबळ्यांना २६ जानेवारी २००९ ला अशोकचक्र जाहीर झालं. घाडग्यांनी आपल्याच बंदुकीची नळी धरली होती, ओंबळ्यांनी समोरच्याची.

आपण ओंबळ्यांचे पुतळे करतो आणि ते योग्यच आहे. पण सरकारनं नेमलेल्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीचा २००९ चा अहवाल कोण वाचतं? त्यात धाडसाबद्दल तक्रार नाही. त्यात आहे ते गोळ्यांबद्दल. तातडीनं धावून जायच्या पथकांनासुद्धा दारूगोळ्याच्या टंचाईमुळे बराच काळ गोळीबाराचा सराव मिळालेला नव्हता. ज्यांनी सगळ्यांत आधी पोचायचं, त्यांना! मग स्टँडवरच्या मामांची काय कथा. पुढे २००९ मध्ये राज्यानं फोर्स वन उभारलं, नवी हत्यारं आली, थ्री नॉट थ्री हळूहळू मागे पडली. पण हत्यार विकत घेणं सोपं असतं. त्याची फीत कापता येते, फोटो येतो. सरावात झाडलेल्या गोळीचा फोटो येत नाही, ती हिशेबात खर्ची पडते आणि उरते ती पुंगळी.

म्हणूनच मला स्वप्नीलच्या वडिलांचं वाटतं. शिक्षक माणूस. मुलाच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढलं हे तेव्हा पेपरांत आलं होतं. रायफलीसाठी कर्ज काढलेलं समजू शकतं, ती दिसते तरी. गोळ्यांसाठी कर्ज म्हणजे धुरासाठी कर्ज. आणि तरी याच जिल्ह्यात ही वेडी माणसं निघत राहिली. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, भारताची पहिली महिला रायफल विश्वविजेती. तिच्यामागून राही सरनोबत, जिच्या हातात पहिल्यांदा बंदूक आली ती शाळेच्या एनसीसीत. (तिला आणि मला एकाच एनसीसीनं सुरुवात करून दिली, पुढं काय ते बघता आहातच.) २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात तिनं सुवर्ण घेतलं. कोल्हापूरची दुधाळी रेंज बाहेरून बघितली तर इथून असलं काही निघेल असं वाटणार नाही.

ब्राँझसाठी स्वप्नीलनं त्या फायनलमध्ये ४४ गोळ्या झाडल्या. गुडघ्यावर बसून पंधरा, पालथं झोपून पंधरा, उरलेल्या उभं राहून. मामांच्या हिशेबानं चार वर्षांच्या सरावाहून जास्त, एका दुपारी. अर्थात खेळातल्या टार्गेटला हात नसतात, ते उलट गोळी मारत नाही, आणि त्याच्या मागं पोरंबाळं उभी नसतात. ह्या दोन गोष्टी एक नाहीत. पण बोट तेच आणि दचकणंही तेच.

हे सगळं मी मामांना असं सांगितलं नाही. त्या संध्याकाळी लाईट येईपर्यंत आम्ही बसून होतो. मी म्हणालो, "मामा, तेव्हा मी चुकीचं बोललो." ते काहीच बोलले नाहीत. कोपऱ्यात माझी छत्री होती, ती घेतली, मुठीचं टोक खांद्याला लावलं, गाल टेकवला, आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. एकाहत्तरीतला माणूस, पण छत्रीचं टोक जरा हललं नाही. कितीतरी वेळ.

मग छत्री माझ्या हातात दिली. "धर. बगू तुजी शिस्त."

मी धरली. टोक थरथरत होतं.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले, आणि आत मामींना हाक मारून दोन कप चहा सांगितला.